ॲमी रॉब्सार्टचा विवाह : इतिहासातील आणि ‘केनिलवर्थ’मधील

सर वॉल्टर स्कॉटची ‘केनिलवर्थ’ ही कादंबरी इ. स. १८२१ च्या जानेवारीत एडिंबरोहून तीन खंडांत प्रसिद्ध झाली. तिची किंमत दीड गिनी, म्हणजे साडेएकतीस शिलिंग होती. इंग्लंडमधील त्रिखंडी कादंबऱ्यांची पुढे अनेक दशके हीच रूढ किंमत होऊन बसली. परंतु या ग्रंथाने घालून दिलेला दंडक केवळ किमतीपुरता राहिला नाही. एलिझाबेथ राणी, तिचा कृपापात्र सरदार लेस्टर आणि त्याची दुर्दैवी पत्नी ॲमी या तिघांची जी प्रतिमा इंग्रजी वाचणाऱ्यांच्या मनात दोनशे वर्षे वसत आली आहे, ती बव्हंशी या कादंबरीने घडविलेली आहे. तिच्यातील कालविपर्यास अभ्यासकांनी वारंवार दाखवून दिले आहेत. १५६० मध्ये मरण पावलेली स्त्री तिच्यात १५७५ च्या उत्सवात वावरते, आणि त्या वेळी अवघ्या अकरा वर्षांच्या असलेल्या शेक्सपिअरचा उल्लेख नाटककार म्हणून होतो. स्कॉटला हे ठाऊक नव्हते असे मानण्याचे कारण नाही. आणि अशा विसंगतींची टाचणे जमवून वाङ्मयाचा विचार फारसा पुढे सरकत नाही. त्यांहून अधिक महत्त्वाचा विपर्यास विवाहाच्या स्वरूपाविषयीचा आहे. इतिहासातील ॲमीचा विवाह प्रत्यक्ष राजाच्या उपस्थितीत, राजवाड्यात, उघडपणे झाला होता. कादंबरीतील ॲमीचा विवाह गुप्त आहे, आणि सारे कथानक त्या गुप्ततेच्याच आधारावर उभे आहे. ही गुप्तता स्कॉटने कोठून आणली, तिने काय साधले आणि या व्यवहारात ॲमी रॉब्सार्ट या स्त्रीचे काय झाले, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

रॉबर्ट डडली हा पुढे नॉर्थम्बरलंडचा ड्यूक झालेल्या जॉन डडलीचा मुलगा. ४ जून १५५० रोजी शीन येथील राजवाड्यात नॉरफोकमधील जमीनदार सर जॉन रॉब्सार्ट याच्या मुलीशी त्याचा विवाह झाला. वर आणि वधू दोघांचेही वय अठरा वर्षांना काही दिवसच कमी होते. आदल्याच दिवशी रॉबर्टच्या थोरल्या भावाचा विवाह सॉमरसेटच्या ड्यूकच्या मुलीशी लागला होता. तो दोन प्रतिस्पर्धी घराण्यांमधील समेटाचा विवाह होता. रॉबर्टच्या विवाहात असा कोणताही राजकीय हेतू दिसत नाही. वधू आपल्या पित्याची वारस होती हे खरे, पण डडली घराण्याच्या मानाने ती सोयरीक साधीच म्हणावी लागेल. बारा वर्षांचा राजा सहावा एडवर्ड दोन्ही विवाहांस हजर होता. दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत, दोन खांबांच्या मध्ये टांगलेल्या जिवंत हंसाचे मुंडके प्रथम कोण हिसकावून घेतो अशी चढाओढ सरदारांत लागली, हे त्याने आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले आहे. बालराजाला विवाहापेक्षा हा खेळच अधिक लक्षात राहिला असावा. पुढे सोळासतरा वर्षांनी विल्यम सेसिल या मुरब्बी मंत्र्याने राणीच्या संभाव्य वरांची तुलना करणारे एक टिपण तयार केले. त्यात डडलीच्या या विवाहासंबंधी, देहाच्या ओढीने केलेली लग्ने आनंदात सुरू होतात आणि शोकात संपतात, अशा अर्थाचे एक लॅटिन वचन त्याने नोंदविले. सेसिल हा डडलीचा प्रतिस्पर्धी होता. तरीही हे लग्न प्रेमाचे होते याविषयी त्याच्या मनात शंका नव्हती, एवढे त्यातून निष्पन्न होते.

डडली घराण्यात महत्त्वाकांक्षेने विवाहाची वाट एकदा यापूर्वीच चोखाळली होती. रॉबर्टचा आजा एडमंड डडली १५१० मध्ये आठव्या हेन्रीच्या आज्ञेने शिरच्छेदास पात्र ठरला. पिता जॉन डडलीने १५५३ मध्ये आपल्या गिल्डफर्ड नावाच्या मुलाचा विवाह राजवंशातील जेन ग्रे हिच्याशी लावून दिला आणि एडवर्डच्या मृत्यूनंतर तिला सिंहासनावर बसविण्याचा घाट घातला. तो डाव काही दिवसांतच फसला. पित्याचा शिरच्छेद त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आणि गिल्डफर्ड व जेन यांचा १५५४ च्या फेब्रुवारीत झाला. रॉबर्टही लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता. तेथे पत्नीला त्याची भेट घेण्याची परवानगी मिळाली होती. विवाहाच्या शिडीने सिंहासनापर्यंत पोहोचू पाहणाऱ्यांची काय गत होते, हे या तरुणाने विशीच्या उंबरठ्यावर स्वतःच्या घरातच पाहिले होते. तरीही तो मोह त्याला सुटला नाही, हे त्याच्या चरित्रातील सर्वांत विलक्षण सत्य होय.

१७ नोव्हेंबर १५५८ रोजी एलिझाबेथ राणी झाली आणि रॉबर्ट डडली राजपागेचा मुख्य अधिकारी झाला. हे पद मानाचे तर होतेच, शिवाय राणीच्या नित्य सान्निध्याचे होते; राणी घोड्यावर बसली की तो तिच्या जवळ असे. पुढच्याच वर्षी, १५५९ च्या एप्रिलमध्ये, स्पेनच्या वकिलाने आपल्या धन्याला कळविले की, लॉर्ड रॉबर्टच्या पत्नीच्या स्तनाला काही दुखणे झाले असून तिच्या मृत्यूनंतर राणी त्याच्याशी विवाह करील, अशी लोकवार्ता आहे. परराष्ट्रांच्या वकिलांची पत्रे ही इतिहासाची साधने म्हणून नेहमीच जपून वापरावी लागतात, कारण दरबारातील कुजबूज गोळा करणे हाच त्यांचा धंदा होता. पण डडलीच्या पत्नीचा मृत्यू ही तो घडण्यापूर्वी दीड वर्ष दरबारी चर्चेची बाब झाली होती, एवढे या पत्रावरून निश्चित ठरते. ॲमी दरबारात क्वचितच आली. तिला स्वतःचे असे घरही नव्हते. पतीच्या परिचितांकडे ती आपल्या नोकरचाकरांसह राहत असे. १५६० मध्ये ती ऑक्सफर्डनजीक कम्नर येथे, अँथनी फोर्स्टर याने भाड्याने घेतलेल्या वाड्यात राहत होती.

८ सप्टेंबर १५६०, रविवार. जवळच्या ॲबिंग्डन गावी जत्रा होती. ॲमीने आपल्या सर्व माणसांना जत्रेस जाण्याचा आग्रह केला, आणि जे जाण्यास तयार नव्हते त्यांच्यावर ती रागावलीही. माणसे परतली तेव्हा ती जिन्याच्या पायथ्याशी मृतावस्थेत आढळली. डडली त्या वेळी विंझरला राणीजवळ होता. त्याने आपला विश्वासू आप्त टॉमस ब्लंट याला कम्नरला पाठविले, आणि पंच शहाणे व भरवशाचे निवडावेत, त्यांनी कोणाचीही भीड न धरता चौकशी करावी, असे पत्राने बजाविले. या पत्रव्यवहारात शोकापेक्षा स्वतःच्या नावाची काळजी अधिक दिसते, असा आक्षेप त्याच्यावर घेण्यात येतो आणि तो निराधार नाही. मात्र गुन्हा लपवू पाहणारा मनुष्य पत्नीच्या सावत्र भावाला चौकशीच्या जागी मुद्दाम बोलावून घेईल काय, हाही प्रश्न तितकाच रास्त आहे. पंचांनी अपघाती मृत्यू असा निर्णय दिला.

अपमृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनर या अधिकाऱ्याचा मूळ लॅटिन अहवाल इंग्लंडच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात २००८ मध्ये सापडला. तोपर्यंतच्या साऱ्या चर्चा तो न पाहताच झाल्या होत्या. त्यात मान मोडल्याची नोंद आहे, आणि त्याखेरीज डोक्यावर दोन जखमा असल्याचेही लिहिले आहे : एक सुमारे पाव इंच आणि दुसरी सुमारे दोन इंच खोल. त्यापूर्वी १९५६ मध्ये शल्यविद्येचे प्राध्यापक इयन एअर्ड यांनी, स्तनाच्या कर्करोगामुळे मणके ठिसूळ झाले असल्यास साध्या पडण्यानेही मान मोडू शकते, असे प्रतिपादन केले होते. या उपपत्तीने अनेकांचे समाधान झाले होते. दोन इंच खोल जखमेने तो प्रश्न पुन्हा उघडा केला. पण तिने खून सिद्ध होतो असेही नाही, कारण दगडी जिन्याच्या कडेनेही अशी जखम होणे शक्य आहे. अपघात, आत्मघात आणि खून ही तिन्ही मते आजही मांडली जातात. ॲमी निराशेपासून सुटका मिळावी म्हणून देवाची प्रार्थना करीत असल्याचे तिच्या दासीने ब्लंटला सांगितले होते. त्यावरून ब्लंटच्या मनात आत्मघाताची शंका आलेली दिसते. दासीने मात्र आपल्या बोलण्याचा तसा अर्थ लावला जाऊ नये असे त्याला बजावले.

या मृत्यूचा राजकीय परिणाम मात्र संदिग्ध नाही, आणि कादंबरीच्या विचारात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. जिवंत ॲमी हा राणी व डडली यांच्यामधला अडथळा होता. मृत ॲमी हा त्याहून कितीतरी मोठा अडथळा ठरला. इंग्लंडची राणी आपल्या पागेवाल्याशी लग्न करणार असून त्याने तिच्यासाठी स्वतःची बायको मारली आहे, असा उपहास फ्रान्सच्या दरबारातून ऐकू येऊ लागला. तेथील इंग्रज वकील थ्रॉकमॉर्टन लाजेने काळवंडला. एलिझाबेथने या पुरुषावर प्रेम केले याविषयी फारसा मतभेद नाही. १५६२ च्या ऑक्टोबरमध्ये देवीच्या आजाराने ती मरणोन्मुख झाली असता आपल्यामागे डडलीला राज्याचा संरक्षक नेमावे असे तिने सुचविले. १५६३ मध्ये केनिलवर्थचा किल्ला आणि १५६४ मध्ये लेस्टरच्या अर्लची पदवी तिने त्याला दिली. आणि याच सुमारास स्कॉटलंडच्या मेरी राणीसाठी वर म्हणून त्याचेच नाव पुढे केले. प्रिय मनुष्याला दुसऱ्या राणीच्या पदरी बांधावयास निघालेली ही स्त्री प्रेम आणि राज्य यांचा हिशेब किती वेगळा ठेवीत होती, हे या एका गोष्टीवरून दिसते.

आता स्कॉटची कथा पाहू जाता सारेच चित्र पालटते. तिच्यात ॲमी ही डेव्हनमधील सर ह्यू रॉब्सार्ट याची लाडकी मुलगी आहे. ट्रेसिलियन या सज्जन, विद्वान वराला सोडून ती लेस्टरबरोबर पळून जाते व गुप्तपणे त्याची पत्नी होते. लेस्टरचा हस्तक रिचर्ड व्हार्नी आणि कम्नरचा अँथनी फॉस्टर यांच्या पहाऱ्यात ती राहते. ट्रेसिलियनची समजूत अशी की ती व्हार्नीची रखेली झाली आहे. राणीपुढे हा प्रश्न येतो तेव्हा व्हार्नी ती आपली विवाहित पत्नी असल्याचे सांगतो, आणि लेस्टर गप्प राहतो. हे मौन म्हणजे कादंबरीतील खरा गुन्हा होय. पुढे ॲमी केनिलवर्थच्या उत्सवात पोहोचते, किल्ल्यातील एका बुरुजात लपते आणि उद्यानातील गुहेत प्रत्यक्ष राणीच्या समोर उभी ठाकते. व्हार्नीच्या कारस्थानाने पत्नीच्या शीलाविषयी लेस्टरच्या मनात विष कालवले जाते. सत्य कळून तो राणीपुढे कबुलीजबाब देईपर्यंत उशीर झालेला असतो. कम्नरच्या वाड्यात, आधार काढून घेतलेल्या सापळ्याच्या फळीवर, पतीची ओळखीची शीळ ऐकून धावत आलेली ॲमी खोल गर्तेत कोसळते.

या कथेची बीजे कोठली हे सांगता येते. विल्यम ज्यूलियस मिकल याचे कम्नरच्या वाड्यावरील एक काव्य स्कॉटला लहानपणापासून आवडत असे. कादंबरीला ‘कम्नर हॉल’ हेच नाव द्यावे अशी त्याची इच्छा होती, आणि ‘केनिलवर्थ’ हे नाव प्रकाशक कॉन्स्टेबलने सुचविले. खलपुरुषांची नावे लेस्टरच्या हयातीतच, १५८४ मध्ये, त्याच्या शत्रूंनी छापलेल्या एका निंदापर पुस्तकातून खाली उतरली आहेत. ॲशमोलच्या बर्कशरविषयक ग्रंथाने ती पुढल्या पिढ्यांपर्यंत पोहोचविली. खरा अँथनी फोर्स्टर पुढे कम्नरचा वाडा विकत घेऊन तेथेच राहिला आणि पार्लमेंटचा सभासदही झाला. त्याच्या विद्येची व संगीताची स्तुती करणारा पितळी लेख गावच्या चर्चमध्ये आहे. कादंबरीत तोच मनुष्य गुप्त तळघरात आपल्या सोन्याच्या पेटीवर तडफडून मरतो! खुद्द वाडा मात्र कादंबरी निघण्यापूर्वीच, १८१० मध्ये, पाडण्यात आला होता.

तथापि विवाहाची गुप्तता या कोणत्याही साधनातून पूर्णपणे उलगडत नाही. तिचा उगम शोधावयाचा तर एलिझाबेथच्या दरबारातील अन्य विवाहांकडे वळावे लागते, कारण तेथे गुप्त विवाह खरोखरच झाले होते. ॲमीच्या मृत्यूनंतर तीनच महिन्यांनी, १५६० च्या डिसेंबरात, जेन ग्रेची बहीण कॅथरिन हिने हर्टफर्डच्या अर्लशी त्याच्या वेस्टमिन्स्टरमधील घरी गुप्तपणे लग्न केले. आठव्या हेन्रीच्या मृत्युपत्रानुसार कॅथरिन ही सिंहासनाची संभाव्य वारस होती; राणीच्या संमतीवाचून तिने विवाह करणे म्हणजे राज्याच्या वारसाहक्कात हात घालणे होते. ती गरोदर असल्याचे उघडकीस आले तेव्हा दोघांची रवानगी टॉवरमध्ये झाली आणि तेथेच तिने १५६१ च्या सप्टेंबरात मुलाला जन्म दिला. लग्नाची एकमेव साक्षीदार, हर्टफर्डची बहीण, तोवर मरण पावली होती आणि लग्न लावणारा धर्मोपदेशक सापडेना. चौकशीमंडळाने विवाह झालाच नाही असे ठरविले. कॅथरिन १५६८ च्या जानेवारीत नजरकैदेतच वारली. तिचा गुन्हा एवढाच की, ज्या गोष्टीचा निर्णय राणीला स्वतःसाठी घेता येत नव्हता तो तिने आपल्यासाठी घेऊन टाकला.

लेस्टरचे स्वतःचे प्रकरणही असेच गुंतागुंतीचे आहे. डग्लस शेफील्ड या विधवा स्त्रीपासून त्याला १५७४ मध्ये मुलगा झाला. १५७३ मध्ये आपला त्याच्याशी गुप्त विवाह झाल्याचे डग्लसने तीस वर्षांनंतर न्यायालयात सांगितले. १५७८ च्या सप्टेंबरात, वॉन्स्टेड येथे पहाटेच्या वेळी, लेस्टरने राणीच्या नात्यातील लेटिस नोल्स हिच्याशी विवाह केला. वधूचा पिता सर फ्रान्सिस नोल्स जातीने हजर होता, आणि पुढे १५८१ मध्ये साक्षीदारांच्या जबान्या नोटरीपुढे लेखी नोंदवून ठेवण्यात आल्या. एवढी सावधगिरी का घेतली गेली हे डग्लसच्या कहाणीकडे पाहिले म्हणजे समजते. राणीला कळले तेव्हा तिने लेटिसला दरबार कायमचा बंद केला. लेस्टरला तिने क्षमा केली, लेटिसला केली नाही.

तेव्हा स्कॉटने केले ते असे : कॅथरिनची शोकांतिका, डग्लसचा न मानला गेलेला हक्क आणि लेटिसच्या विवाहावरील राणीचा क्रोध हे तीन वेगवेगळ्या स्त्रियांच्या वाट्याला आलेले अनुभव त्याने एकत्र केले आणि ते सारे ॲमीच्या माथी लादले, म्हणजे त्या दरबारात जिचा विवाह उघड्यावर झाला होता नेमक्या तिच्या! या अर्थाने ‘केनिलवर्थ’ ही दरबाराविषयी खरे बोलते आणि ॲमीविषयी खोटे. एलिझाबेथच्या भोवती विवाह ही गुन्ह्यासारखी लपविण्याची गोष्ट का झाली होती हे या कादंबरीतून जितके प्रत्ययास येते, तितके अनेक चरित्रग्रंथांतून येत नाही. टीकाकारांनी तिच्या कालविपर्यासावर बोट ठेवताना ही बाजू पुरेशी ध्यानात घेतलेली नाही.

गुप्त विवाहाचा प्रश्न समजण्यास तत्कालीन कायदा थोडा पाहिला पाहिजे. सोळाव्या शतकातील इंग्लंडात विवाहाचा पाया उभयतांच्या संमतीचा होता. स्त्रीपुरुषांनी वर्तमानकाळी शब्दांत एकमेकांचा स्वीकार केला की, धर्मोपदेशक नसला तरी, तो विवाह अनियमित पण बंधनकारक मानला जाई. आपल्याकडील गांधर्व विवाहाची येथे आठवण होते. फरक असा की, स्मृतिकारांनी गांधर्वाला अनेक प्रकारांपैकी एक म्हणून आणि तेही मुख्यतः क्षत्रियांसाठी मान्यता दिली, तर ख्रिस्ती धर्मविधीत संमती हा सर्वच विवाहांचा गाभा होता. या कायद्याची अडचण उघड आहे. बंधन पडण्यास दोघे पुरेत, पण ते सिद्ध करण्यास तिसरा लागतो. डग्लस शेफील्डचा मुलगा सर रॉबर्ट डडली याने आपले औरसत्व सिद्ध करण्याचा प्रयत्न केला तेव्हा स्टार चेंबरने १६०५ मध्ये त्याचे साक्षीदार अविश्वसनीय ठरवून कागदपत्रे कुलुपात टाकली. तो पत्नी ॲलिस हिला मागे ठेवून परदेशी निघून गेला. १६४४ मध्ये पहिल्या चार्ल्सने याच ॲलिसला डचेस पदवी देताना तिच्या नवऱ्याचे औरसत्व मान्य केले. टाकलेल्या बायकोला मान मिळाला तो सासूच्या सत्तर वर्षांपूर्वीच्या गुप्त विवाहामुळे, हा दैवदुर्विलास कोणत्याही कादंबरीकाराला सुचण्यासारखा नाही.

१७५३ च्या हार्डविकच्या कायद्याने ही सारी अनिश्चितता संपविली. त्या कायद्यान्वये चर्चमध्ये, पूर्वसूचना देऊन वा परवाना काढून, साक्षीदारांसमक्ष व नोंदवहीत सह्या होऊन लागलेले लग्न तेवढे खरे ठरले. राजघराणे त्यातून वगळले होते. त्याच्यासाठी १७७२ चा स्वतंत्र कायदा आला आणि राजाच्या संमतीवाचून झालेले राजवंशीयांचे विवाह रद्दबातल ठरू लागले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील सामान्य इंग्रज वाचकाच्या आयुष्यातून गुप्त विवाह असा हद्दपार झाला, आणि म्हणूनच तो कादंबरीला उपलब्ध झाला. जे व्यवहारातून जाते ते अद्भुतरम्य वाङ्मयात आश्रय घेते, हा अनुभव केवळ इंग्रजी वाङ्मयापुरता नाही.

राजघराण्यात मात्र तो विषय स्कॉटच्या डोळ्यांसमोर जिवंत होता. युवराज जॉर्जने १५ डिसेंबर १७८५ रोजी मारिया फिट्झहर्बर्ट या कॅथलिक विधवेशी गुप्त विवाह केला होता. १७७२ च्या कायद्याने तो शून्य होता, पण धर्मदृष्ट्या ती पत्नी होती. दहा वर्षांनी त्याने ब्रन्स्विकच्या कॅरोलाइनशी राजमान्य विवाह केला आणि १८२० मध्ये राजा होताच तिला राणीपदापासून दूर करण्यासाठी पार्लमेंटात विधेयक आणले. ऑगस्ट ते नोव्हेंबर १८२० या काळात सारा देश या चौकशीने हादरून गेला होता. स्कॉट नेमक्या त्याच सहामाहीत ‘केनिलवर्थ’ लिहीत होता. राजाकडून त्याच वर्षी बॅरोनेट ही पदवी मिळालेल्या स्कॉटने मुद्दाम राजावर टीका केली असे म्हणणे अर्थातच अतिशयोक्तीचे होईल. त्याची राजकीय सहानुभूती राजाच्याच बाजूला होती. पण नाकारल्या गेलेल्या पत्नीचा प्रश्न त्या वेळी वाचकांच्या मनात किती ताजा होता हे विसरून चालणार नाही. कादंबरी निघाल्यावर सहा महिन्यांनी, १९ जुलै १८२१ रोजी, राज्याभिषेकाच्या दिवशी कॅरोलाइनला वेस्टमिन्स्टरच्या मठाच्या दारातून परत फिरविण्यात आले. स्कॉट त्या समारंभास हजर होता.

महत्त्वाकांक्षेची वाटणी हा कादंबरीचा दुसरा लक्षणीय विशेष. स्कॉटने ती एका माणसात न ठेवता उतरंडीसारखी रचली आहे. लेस्टरला राणीच्या द्वारे मोठे व्हावयाचे आहे, व्हार्नीला लेस्टरच्या द्वारे, फॉस्टरला व्हार्नीच्या द्वारे. जसजसे खाली यावे तसतशी महत्त्वाकांक्षा अधिक नागवी होत जाते. लेस्टरच्या ठायी जो मोह आहे तो व्हार्नीच्या ठायी कारस्थान आणि फॉस्टरच्या ठायी निव्वळ द्रव्यलोभ होतो. या रचनेमुळे कथेला बळ येते, पण नायकाचा दोष नोकराच्या खाती जमा होतो. लेस्टर चुकतो, व्हार्नी पाप करतो. इतिहासाने लेस्टरला दिलेला संशयाचा फायदा वेगळा आणि स्कॉटने दिलेली ही सूट वेगळी. पहिली पुराव्याच्या अभावी आहे, दुसरी कलेच्या सोयीसाठी. ॲमीलाही स्कॉटने या उतरंडीत जागा दिली आहे. तिला काउंटेस म्हणून जगासमोर मिरवावयाचे आहे, पतीच्या अंगावरील मानचिन्हांचे तिला बालसुलभ कौतुक आहे. वस्तुतः डडली अर्ल झाला तो ॲमीच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. ती एक दिवसही काउंटेस नव्हती.

राणीच्या चित्रणात मात्र स्कॉटची इतिहासदृष्टी सहसा ढळत नाही. लेस्टर प्रेमयाचना करतो त्या प्रसंगी तिचे मन विरघळते आणि तरीही राज्याचा विचार तिला मागे खेचतो. हा प्रसंग कल्पित असला तरी खऱ्या एलिझाबेथच्या स्वभावाशी जुळणारा आहे. खुद्द १५७५ च्या उत्सवातही असे काही घडले होते. ९ जुलैपासून एकोणीस दिवस राणी केनिलवर्थला राहिली. तिच्यासमोर व्हावयाच्या खेळांत जॉर्ज गॅस्कॉइनने रचलेला एक देखावा होता. त्यात कौमार्याची देवता डायाना आणि विवाहाची देवता जूनो यांचा वाद असून कौल जूनोच्या बाजूने दिला जावयाचा होता. यजमानाचा हेतू कोणाच्याही ध्यानात येण्याजोगा होता. पात्रे सजून तयार होती, पण तो देखावा झालाच नाही. पावसाचे निमित्त सांगण्यात आले.

ॲमीच्या बाबतीत कादंबरीने केलेले नुकसान मात्र भरून निघालेले नाही. पुढील वाङ्मयाने स्कॉटची ॲमीच घेतली. व्हिक्टर ह्यूगोने १८२८ मध्ये तिच्यावर नाटक रचले, दोनिझेत्तीने १८२९ मध्ये संगीतिका केली; दोन्हींचा आधार कादंबरी हाच होता. घराच्या आडबाजूस कोंडलेली, जगाला अज्ञात असलेली आणि अखेर उंचावरून पडून मरणारी पत्नी शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’ या १८४७ मधील कादंबरीत पुन्हा भेटते. मात्र तेथे तिला सहानुभूतीही उरत नाही, ती नायिकेच्या सुखाआड येणारा अडसर झालेली असते.

इतिहासातील ॲमीची स्वतःची म्हणावीत अशी दोनच पत्रे उपलब्ध आहेत. एक तिने पतीच्या नॉरफोकमधील कारभाऱ्याला लिहिले आहे. काही गरीब माणसांचे देणे चुकवावयाचे राहिले आहे. पती निघण्याच्या घाईत, मोठ्या कामांच्या विवंचनेत असल्याने आपण त्याला विचारावयास विसरलो. तरी मेंढ्यांची लोकर थोड्या तोट्यात गेली तरी चालेल, पण विकून त्यांचे पैसे द्यावेत, असा त्यातील मजकूर आहे. पतीच्या अपरोक्ष त्याच्या मालमत्तेविषयी निर्णय घेणारी आणि देणेकऱ्यांची लाज बाळगणारी ही गृहिणी आहे. पहाऱ्यात ठेवलेली, शीळ ऐकताच धावत सुटणारी मुलगी नव्हे. दुसरे पत्र लंडनमधील एका शिंप्याला लिहिलेले आहे. त्यावर वर्ष घातलेले नाही, पण ते १५६० चेच मानले जाते. एक मखमली झगा पाठवीत असून त्याची गळपट्टी पूर्वी शिवलेल्या ताफत्याच्या झग्यासारखी करावी, आणि काम होईल तितक्या लौकर व्हावे, असे तिने त्यात कळविले आहे. पत्राची तारीख २४ ऑगस्ट ही आहे.